रिपोर्ट नॉर्मल येत होते, आतडं कुणी पाहिलंच नव्हतं : आतड्याच्या कॅन्सरनंतरच्या देखरेखीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पारोळा-अमळनेर पट्ट्यातलं एक कोरडवाहू गाव. तिथले एक शेतकरी, वय 57, आठ एकर रान, त्यात कापूस आणि थोडी ज्वारी. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून इथेही आबाच. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा आणि तपासण्यांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे.

मी त्या भागात जनरल प्रॅक्टिस करतो. आबांचं ऑपरेशन मी केलं नाही, केमो दिली नाही, दुर्बीणही मी धरली नाही. माझं काम मधल्या माणसाचं. शहरातून आलेले कागद वाचायचे, रक्त पाठवायचं आणि पुढची तारीख सांगायची. या प्रकरणातली मोठी चूक वर्षभर माझ्याच टेबलावरून ये-जा करत होती, म्हणून लिहायला बसलो.

शौचातून रक्त जायचं. वर्षभर ते मूळव्याध म्हणून काढलं. कुणाकडून पुड्या आणल्या, कुणाकडून मलम. मग कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत पोट फुगलं. चार दिवस ना शौच ना वारा, वर उलट्या. रात्रीच जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. सीटी स्कॅनमध्ये मोठ्या आतड्याच्या डाव्या टोकाला, सिग्मॉइड भागात, गाठीने वाट पूर्ण बंद केलेली दिसली. त्याच रात्री ऑपरेशन झालं. गाठ काढली, वरचं टोक पोटावर आणून पिशवी लावली, खालचं टोक आत शिवून बंद केलं. गाठीच्या तपासणीत 14 लसिका ग्रंथींपैकी 2 मध्ये कॅन्सर निघाला, म्हणजे तिसरा टप्पा. पुढे आठ फेऱ्या केमो झाली, हातापायांना मुंग्या आल्या, तळव्यांची सालं निघाली. ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका दवाखान्यात पिशवी बंद करून आतडं पुन्हा जोडलं. ऑपरेशन आणि केमो महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसलं. नंतरच्या तपासण्यांचे पैसे मात्र घरच्यांनी खिशातून भरले, आणि पुढच्या बऱ्याच निर्णयांवर त्याची सावली आहे.

अडचण

ऑपरेशनच्या रात्री आतडं मळाने भरलेलं आणि फुगलेलं होतं. गाठीपलीकडे दुर्बीण जाणं शक्यच नव्हतं. साधारणपणे ऑपरेशनआधी संपूर्ण मोठं आतडं दुर्बिणीतून पाहतात, कारण शंभरातल्या तीन ते पाच रुग्णांत त्याच वेळी दुसरीकडेही कॅन्सरची गाठ असते, आणि साधे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेले कोंब, तर त्याहून कितीतरी जास्त जणांत. आबांच्या बाबतीत ते राहिलं. त्यात कुणाची चूक नाही, जीव वाचवणं पहिलं. अशा वेळी राहिलेलं आतडं ऑपरेशननंतर तीन ते सहा महिन्यांत बघून घ्यायचं असतं. डिस्चार्ज कार्डावर तसं लिहिलेलंही होतं. शेवटच्या पानावर, आहाराच्या सूचनांच्या खाली, एका ओळीत.

मग जे झालं त्याला आपल्याकडे म्हण आहे, दोन घरचा पाहुणा उपाशी. इथे घरं तीन होती. सर्जनना वाटलं, केमोवाले करून घेतील. केमोवाल्यांना वाटलं, पिशवी बंद करताना होईलच. पिशवी बंद करणाऱ्या दवाखान्यात खालच्या शिवलेल्या तुकड्यात छोटी दुर्बीण घातली, तो बरा आहे ना एवढंच पाहिलं, आणि फाइलमध्ये नोंद केली, ‘स्कोपी नॉर्मल’. ती नोंद मी वाचली आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे संपूर्ण मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी, झाली असं समजलो. वीतभर आतडं पाहिलं होतं आणि मी सगळंच पाहिलं असं धरून चाललो.

या मधल्या काळात दर तीन महिन्यांनी आबांचं रक्त सीईए तपासणीला जायचं. सीईए म्हणजे कॅन्सर परत येतोय का, याचा इशारा देऊ शकणारं रक्तातलं प्रथिन. ऑपरेशनआधी ते 18.4 होतं, नंतर 2.9, 3.1, 3.0. पोटाची सोनोग्राफी एकदा झाली, तीही ठीक. घरचे फोनवर विचारायचे, ‘डॉक्टर साहेब, रिपोर्ट नील ना?’ मी म्हणायचो, नील. तीन वेळा स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, ‘सीईए नॉर्मल, पुढील तपासणी 3 महिन्यांनी’.

पहिला निर्णय : वाढलेल्या आकड्याचं काय करायचं

ऑपरेशनला चौदा महिने झाले तेव्हा, जानेवारीत, सीईए 7.2 आलं. मुलगा त्याच संध्याकाळी गाडी काढून दारात हजर. मुंबईला परळला नेऊ का, पेट स्कॅन करू का, पुन्हा केमो लागेल का?

पर्याय तीन होते. थेट पेट स्कॅन, म्हणजे सगळ्या शरीरात कॅन्सर शोधणारा स्कॅन, किंवा लगेच सीटी स्कॅन, किंवा थोडं थांबून तेच रक्त पुन्हा. मी आधी दोन साधे प्रश्न विचारले. रक्त कुठे दिलं? तर या वेळी नेहमीच्या लॅबमध्ये नाही, गावातल्या शिबिरात दिलेलं, तपासलं दुसऱ्याच लॅबने. आणि आबा, बिडी? आबांनी सुनेकडे बघितलं. दिवाळीपासून पुन्हा सुरू होती.

दोन्ही गोष्टींना वजन आहे. सीईए मोजण्याच्या पद्धती लॅबनुसार वेगवेगळ्या असतात, त्यामुळे एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून बघणं धोक्याचं. धूम्रपानाने सीईए थोडं वाढतं. यकृताचे काही आजार आणि आतड्याची सूज यांनीही वाढतं. म्हणून पहिल्या वाढीव आकड्यावर उपचार सुरू करत नाहीत, आधी आकडा पक्का करतात. महिन्याने जुन्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त द्यायचं ठरलं. छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी स्कॅन तसाही बाकी होता. तिसऱ्या टप्प्याच्या रुग्णाचा तो सहा ते बारा महिन्यांनी होत राहायला हवा, आबांचा ऑपरेशननंतर एकदाही झाला नव्हता. तो लगेच करून घेतला. यकृत, फुप्फुसं साफ. फेब्रुवारीतलं सीईए 4.1.

मुलाला हे पटायला वेळ लागला. त्याचं म्हणणं, पैसे लागले तर लागू द्या, दर तीन महिन्यांनी मोठा स्कॅन करू. त्याला मी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. स्वीडन, डेन्मार्क आणि उरुग्वे इथल्या सुमारे 2500 रुग्णांवर तो झाला आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाचं सीटी आणि सीईए तीन वर्षांत पाच वेळा झालं, दुसऱ्या गटाचं फक्त दोनदा. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतल्या मृत्यूंच्या प्रमाणात म्हणावा असा फरक नव्हता. तपासण्या वाढवल्या म्हणजे आयुष्य वाढतंच असं नाही. कुठली तपासणी काय बघते, हा मुद्दा आहे.

हे वाक्य बोलता बोलताच मी अडखळलो. कुठली तपासणी काय बघते? त्या रात्री दवाखाना बंद केल्यावर आबांची फाइल पहिल्या पानापासून वाचली. ‘स्कोपी नॉर्मल’ म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा कळलं.

दोन राखणी

दुसऱ्या दिवशी आबांना बोलावून सांगितलं की चूक झाली आहे, माझीही आहे, आणि दुर्बिणीची पूर्ण तपासणी राहिली आहे. ते चिडले नाहीत. फक्त म्हणाले, ‘पोट साफ शे, वजन वाढनं, आते कसाले नळी?’

त्यांना समजावताना कापूसच कामी आला. गुलाबी बोंडअळीसाठी आपण कामगंध सापळे लावतो. त्यात त्याच अळीचा पतंग येतो. सापळा रिकामा म्हणजे मावा-तुडतुडे नाहीत असं होतं का? त्यासाठी पान उलटूनच बघावं लागतं. सीईए आणि सीटी हे सापळे. जुना कॅन्सर यकृतात, फुप्फुसात किंवा पोटात परत आला का, हे ते सांगतात, तेही दर वेळी नाही. आतड्याच्या अस्तरावर नवीन पॉलिप उगवतोय का, हे त्यांना कळत नाही. पॉलिपने सीईए सहसा वाढत नाही आणि नेहमीच्या सीटीत चपटा पॉलिप दिसत नाही. ज्याच्या आतड्यात एकदा गाठ झाली, त्याच्या उरलेल्या आतड्याचं रानही तेच आणि मातीही तीच. म्हणून पान उलटायचं.

आबा म्हणाले, ‘मंग पहिलेच सांगतात ना.’ बरोबर होतं त्यांचं.

दुसरा निर्णय : अर्धवट साफ आतड्याचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट

कोलोनोस्कोपी फेब्रुवारीत ठरली. मी तयारीचा छापील कागद दिला. तीन दिवस हलकं खा, आदल्या दिवशी फक्त पातळ, पावडर दोन लिटर पाण्यात. कागद बरोबरच होता, फक्त तो कुठेही चालेल असा होता. खानदेशात हिवाळ्यात ‘हलकं खा’ म्हणजे काय, हे त्यात नव्हतं. दोन दिवस आधी शेतात भरताची पार्टी झाली. आबांनी तळलेली पुरी खाल्ली नाही, तेवढं पथ्य पाळलं. भरीत मात्र खाल्लं, कारण भरीत तर मऊ! सोबत कळण्याची भाकरी. वांग्याच्या बिया आणि कळण्यातली उडदाची टरफलं आतड्याच्या भिंतीला चिकटतात, दुर्बिणीच्या नळीतही अडकतात.

रिपोर्ट आला, ‘सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत) पोहोचलो. तयारी असमाधानकारक. दिसलेल्या भागात दोष नाही.’ घरात आनंदीआनंद. मुलाने नॉर्मल एवढंच वाचलं. मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू. दुर्बीण आत गेली होती, सहा हजार खर्च झाले होते, आबांना पुन्हा ते पाणी पाजायचं जिवावर आलं होतं. वर्षाने बघू म्हटलं असतं तर कुणी दोष दिला नसता.

पण रिपोर्टात आणखी एक आकडा होता. आतड्याच्या उजव्या, मधल्या आणि डाव्या भागाच्या स्वच्छतेला 0 ते 3 गुण देतात, प्रत्येक भागाला किमान 2 हवेत. आबांच्या उजव्या भागाला 1 होता. चपटे पॉलिप नजरेतून सुटतात ते जास्त करून उजवीकडेच. ज्याचं आतडं आजवर एकदाही पूर्ण पाहिलेलं नाही, त्याच्यासाठी हा रिपोर्ट म्हणजे न केलेली तपासणी. तपासणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. तेही म्हणाले, पुन्हा करायला हवी.

घरच्यांना आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, हवी होती. लेकी माहेरी येणार, घर भरलेलं असणार, आबांना त्यात नळी-बिळी नको. मी मार्चवर अडून बसलो. एक तर उशीर आधीच झाला होता. शिवाय एप्रिल-मेच्या 44-45 अंशांत जुलाबाचं औषध देऊन साठीकडे झुकलेल्या माणसाला बसने पाठवायची माझी तयारी नव्हती.

या वेळी कागद सूनबाईंनी लिहिला. मी सांगत गेलो, त्या वहीत उतरवत गेल्या. तीन दिवस आधीपासून वांगी, टमाटे, मिरचीच्या बिया, मेथी-पालक, शेंगदाणे, पेरू, कळण्याची भाकरी, सालीची डाळ, शेवभाजी सगळं बंद. चालेल काय? साधा भात, मुगाचं गाळलेलं वरण, दही, अंडं, पाव. आदल्या दिवशी शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबूपाणी, कोरा चहा. पावडरचं अर्धं पाणी संध्याकाळी आणि अर्धं पहाटे, तपासणीच्या चार-सहा तास आधी, सगळं एकदम रात्री नाही. पहाटेचा भाग पहिल्या वेळी आबांनी प्यायलाच नव्हता. प्रवासात कुठे उतरायचं, या धाकाने. म्हणून या वेळी आदल्या रात्री ते शहरात भाच्याकडे मुक्कामाला गेले. एवढी साधी गोष्ट, पण माझ्या छापील कागदात ती नव्हती.

दुसऱ्या वेळी उजव्या भागाला 3 गुण मिळाले. आणि यकृताजवळच्या वळणाच्या अलीकडे, एका घडीमागे, 28 मिलिमीटरचा चपटा पॉलिप दिसला.

तिसरा निर्णय : कापायचं किती

मुलाचा पहिला प्रश्न, ‘केमो घेऊनही नवीन गाठ आली कशी?’ प्रामाणिक उत्तर असं की ती बहुधा नवीन नव्हतीच. एवढा पॉलिप तयार व्हायला बहुतेक वेळा कित्येक वर्षं लागतात. ऑपरेशनच्या रात्री तो तिथेच असणार. नवीन होतं ते आपलं बघणं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत सापडणाऱ्या बऱ्याच ‘नवीन’ गाठींची गोष्ट अशीच असते.

एका सर्जनचं मत पडलं, उजवं आतडं काढून टाकू, काळजी मिटेल. दुसरा मार्ग दुर्बिणीतूनच सोलून काढण्याचा. आबांचं डावीकडचं आतडं आधीच आखूड झालेलं. उजवंही गेलं असतं तर दिवसातून पाच-सहा वेळा शौचाला, आणि शेतात काम करणाऱ्या माणसाला ते रोजचं ओझं. दुर्बिणीवाल्या डॉक्टरांनी पॉलिपचा पृष्ठभाग नीट पाहिला, खोल रुतल्याच्या खुणा नव्हत्या. त्यांनी एक शहाणपण केलं, मुद्दाम तुकडे घेतले नाहीत. आधीच चिमटे घेतले की तिथे व्रण धरतो, मग पॉलिप उचलून सोलणं अवघड होतं. फक्त फोटो काढले आणि आबांना नाशिकला पाठवलं.

त्याआधी एक गोष्ट करून घेतली, जी खरं तर पहिल्या ऑपरेशनलाच व्हायला हवी होती. जुन्या गाठीचा मेणातला ठोकळा लॅबकडून मागवून त्यावर चार प्रथिनांची तपासणी केली. पेशींतल्या चुका दुरुस्त करणारी ही प्रथिनं. त्यातलं एखादं नसेल तर घराण्यात चालत येणारा लिंच सिंड्रोम असू शकतो. तसं निघालं असतं तर सगळंच बदललं असतं. आतडं जास्त काढायचा विचार करावा लागला असता, दुर्बीण दर एक-दोन वर्षांनी, आणि मुलाचीही तपासणी लवकर. चारही प्रथिनं जागेवर होती. सोलून काढायचा निर्णय त्यानंतर सोपा झाला.

धुळ्याहून आग्रा रोडने नाशिक. पॉलिपखाली रंगीत द्रव सोडून तो फुगवला आणि तारेच्या फासाने चार तुकड्यांत काढला. रक्तस्राव किंवा आतड्याला भोक पडण्याचा थोडा धोका असतो, म्हणून एक रात्र तिथेच ठेवलं आणि पुढचे दोन आठवडे शौचातून रक्त दिसलं तर लगेच निघा असं बजावलं. तसं काही झालं नाही. तपासणीचा निष्कर्ष, पेशी कॅन्सरच्या उंबरठ्यावर पोहोचलेल्या, पण अस्तराखाली उतरलेल्या नाहीत.

काय झालं पुढे

तुकड्यांत काढलेल्या मोठ्या पॉलिपची जागा सहा महिन्यांनी पुन्हा बघायची असते. पोळा झाल्यावर बघितली. व्रणाच्या कडेला 4 मिलिमीटरचा अवशेष होता, तोही काढला. त्यानंतरची दुर्बीण वर्षाने, ती साफ आली तर पुढची तीन वर्षांनी. सीईए दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं उलटल्यावर सहा महिन्यांनी, एकाच लॅबमध्ये. सीटी वर्षातून एकदा, पाच वर्षं होईपर्यंत. बिडी सुटली असं आबा म्हणतात. सूनबाई काही म्हणत नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात सोपी संधी पिशवी असतानाची होती. पोटावरच्या त्या तोंडातून दुर्बीण घालून वरचं सगळं आतडं पाहता येतं. पिशवी बंद करण्याआधी ते पाहिलं असतं तर पॉलिप नवव्या महिन्यात सापडला असता. आता माझ्याकडे पिशवीवाला रुग्ण आला की मी पहिल्यांदा हेच विचारतो, वरचं पाहिलंय का? आणि ‘स्कोपी नॉर्मल’ या शब्दांवर थांबत नाही. कुठून कुठपर्यंत गेली, सीकमचा फोटो आहे का, स्वच्छतेचे गुण किती, हे मूळ रिपोर्टात बघतो. रिपोर्टची झेरॉक्स नसेल तर तपासणी झाली नाही असं धरतो. काही सहकाऱ्यांना हा अतिरेक वाटतो. वाटो.

सीईए वाढलं नसतं तर? हा प्रश्न मला अजून सोडत नाही. तो आकडा तसा खोटा होता, वेगळी लॅब आणि बिडी यांनी फुगवलेला. त्या खोट्या भीतीनेच फाइल उघडायला लावली. आकडा 3.0 आला असता तर मी चौथ्यांदा ‘नॉर्मल’ लिहिलं असतं.

तारखांचंही एक शिकलो. ‘सहा महिन्यांनी या’ म्हटलं की कुणी येत नाही, तो महिना कापसाचा तरी असतो नाहीतर लग्नाचा. आता सूनबाईंच्या वहीत प्रत्येक तपासणीपुढे सण लिहिलेला आहे. सीटी संक्रांतीनंतर, दुर्बीण पोळ्यानंतर, रक्त आखाजीच्या आधी.

एक काम अर्धवट आहे. आबांचा धाकटा भाऊ 49 वर्षांचा आहे. सख्ख्या भावाला साठीच्या आत आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर चाळिशीपासून दुर्बीण करून घ्यायला सांगतात, म्हणजे ते वय उलटून त्याला नऊ वर्षं झाली. तीनदा निरोप पाठवला. पहिल्यांदा पेरणी होती, मग कानबाईचं रोट, मग वेचणी. मागच्या आठवड्यात तो आबांना घेऊन आला होता, बाहेर मोटारसायकलवरच बसून राहिला. आबांनी दारातून त्याला हाक मारली. तो म्हणाला, ‘माले काय व्हयेल नही.’ आबा माझ्याकडे वळून म्हणाले, ‘मी भी असाच म्हने.’